पॉमचं पथ्य

मुंबईत जे नको असतं ते रत्नागिरीला येतं, हा आमच्या घरचा फार जुना रिवाज. दिरांकडे नवा फ्रिज आला की जुना आमच्याकडे. सोफा बदलला की जुना आमच्याकडे. एकदा ट्रेडमिल आलं. "वहिनी, महिनाभर ठेवा, जागा झाली की नेतो," असं म्हणून ते पडवीत ठेवून गेले, आणि पावसाळ्यात आम्ही त्यावर टॉवेल वाळत घालायला लागलो. त्यामुळे एका मे महिन्यात गाडीच्या मागच्या सीटवरून एक पांढरा, फुगलेला, शेपटी पाठीवर वळलेला कुत्रा उतरला आणि दीर म्हणाले, "महिनाभरच हां वहिनी, सोसायटीत भुंकण्यावरून तक्रारी चालल्यात," तेव्हा मी आत जाऊन फ्रिजवरच्या कामांच्या यादीत एक ओळ वाढवली.

नवरा जहाजावर. वर्षातले बरेच महिने तो व्हिडिओ कॉलवरच दिसतो. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. मी मिरजोळ्याला एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे, किती उरली, कधी मागवायची, यात माझा दिवस जातो आणि घरी आल्यावरही डोकं तसंच चालतं. कुत्रा आला म्हणजे कुत्र्याचं काम आलं. त्याचा वेगळा विचार करण्याएवढी सवड मला नव्हती.

मुंबईत त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं. सासूबाईंच्या जिभेवर ते बसेना. त्या पॉम म्हणायला लागल्या, मग आम्ही सगळेच. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की हा अगदी खरा पॉमेरेनियन नव्हे, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळला जाणारा स्पिट्झ आहे, थोडा मोठा आणि थोडा काटक. सासूबाई म्हणाल्या, "जात विचारायला त्याचं काय लगीन करायचंय?" विषय संपला.

या जातीच्या कुत्र्याला निगा लागते, ती सगळी केसांची. वरचे केस लांब, सरळ. त्यांच्याखाली कापसासारखा दाट दुसरा थर. वरवर कंगवा फिरवला तर कुत्रा फोटो काढण्यासारखा दिसतो आणि आत, कानामागे, काखेत, मांड्यांच्या मागे, केसांच्या गाठी धरत जातात. गाठीखाली ओल राहते, ओलीखाली चट्टा पडतो. आमच्याकडच्या हवेत तर वाळत घातलेली चादर वाळत नाही, तिथे याची कातडी कशी वाळणार? म्हणून एक दिवस आड, भांग पाडत पाडत, मुळापासून केस विंचरायचे. पावसाळ्यात शक्यतो आंघोळ नाही. घातलीच तर आधी टॉवेल, मग ड्रायर. ड्रायर लावला की लाइट जाणार, हे ठरलेलं. वर्षातून दोनदा तो आतला थर पूर्ण गाळतो. त्या दिवसांत घरात कुठेही हात लावावा, पांढरे पुंजके. फिरून आला की पोटाखाली तांबडी माती, वरून पांढरा आणि खालून गुलाबी. बोटांच्या फटीत गोचीड.

उन्हाळ्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगायचा, "उकडतंय हो बिचाऱ्याला, भादरून टाका की." डॉक्टर मात्र म्हणाले होते की त्याला मुळीच भादरू नका, हे केसच त्याचं ऊन अडवतात आणि एकदा काढले तर परत तसे येतील याची खात्री नाही. हे मी फाटकात उभी राहून इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी सांगणं सोडून दिलं. "हो, बघू," म्हणायचं आणि आत यायचं.

स्वभाव म्हणाल, तर हुशार. पण आज्ञाधारक नाही, आणि या दोन्हींत फरक आहे हे मला त्याच्यामुळे कळलं. त्याला हाक ऐकू जाते, आपल्याला काय हवंय तेही कळतं. मग तो थांबतो आणि यायचं की नाही ते ठरवतो. भुंकायला त्याला कारण लागत नाही. गॅसवाला, पोस्टमन, शेजारची मांजर, माडावरून पडलेली झावळी. एकट्या मासेवालीवर तो कधी भुंकला नाही. तिची पाटी कोपऱ्यावर असतानाच तो फाटकाशी जाऊन बसायचा, शेपूट हलवत, लग्नातल्या वरबापासारखा.

"काकी, तुमचा जावई बसलाय बघा वाट बघत," ती लांबूनच ओरडायची.

"जावयाला डोकी नकोत हां! मागच्या वेळी नुसती डोकी घातलीस," सासूबाई आतून.

अशा कुत्र्याचा आणखी एक गुण म्हणजे तो घरातलं एकच माणूस निवडतो. बाकीच्यांना चालवून घेतो. विंचरत मी होते, डॉक्टरांकडे नेत मी होते, गोचीड काढत मी होते. निवडलं त्याने सासूबाईंना. पहिल्या आठवड्यात "हे ध्यान घरात नको, पडवीत बांधा" असं ज्या म्हणाल्या होत्या, त्यांना. मला त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणजे थोडं वाटलं, पण कामं होती.

दिवसभर मी कारखान्यात. घरी तो आणि त्या. त्या वाटण वाटायच्या, हा पायाशी. त्या दुपारी आडव्या झाल्या की हा खाटेखाली. त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं, त्यामुळे फाटक वाजलं की याचं भुंकणं त्यांना कामाला यायचं. जेवायला त्या मागच्या दाराच्या पायरीवर बसायच्या. टेबलाशी बसून जेवलेलं पोटात उतरत नाही, हे त्यांचं म्हणणं. तोही त्यांच्या शेजारी, ताटाकडे तोंड करून. मुंबईहून त्याच्याबरोबर पिशवीतल्या खाण्याच्या गोळ्या आल्या होत्या. पहिल्यांदा मासळीचा भात मिळाला त्या दिवसापासून त्याने त्या गोळ्यांना तोंड लावलं नाही.

पावसाळ्यात होड्या बंद. ताजी मासळी मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. तेव्हा आमच्याकडे सगळीकडे सुकं निघतं. डब्यांतून सुकट, बोंबील, खारवलेला बांगडा. त्यानंतर श्रावण लागतो. सासूबाई श्रावण कडक पाळतात, घरात मासळीचा वाससुद्धा चालत नाही. पण मागच्या दारी, विहिरीकडच्या बाजूला, तीन चिरे मांडून त्यांनी एक चूल केली होती. तिच्यावर पॉमसाठी रोज सुकं भाजलं जायचं. आपण आंघोळ करून पोथी वाचायची, मग पदर खोचून बाहेर जाऊन कुत्र्याचा बांगडा भाजायचा, मग पुन्हा हातपाय धुऊन आत यायचं.

"आई, अहो श्रावण ना तुमचा?" मी एका रविवारी म्हटलं.

"माझा श्रावण. त्याला कुठला गो श्रावण? तो काय सोमवार धरतो?"

मला त्यात तेव्हा काही वावगं दिसलं नाही. रत्नागिरीत पावसाळ्यात सुकं खाणं म्हणजे बाकीच्यांनी डाळ खाण्यासारखं आहे.

गणपतीला दीर आणि मंडळी आली. दुसऱ्या दिवशी दीर अंगणात उभे राहून बघत होते. पॉम पाण्याच्या भांड्याशी गेला, सगळं पाणी प्यायला, थोड्या वेळाने परत गेला.

"वहिनी, हा पाणी फार पितोय."

"उकडतंय."

"नाही, फारच. बारीकही झालाय. खायला काय घालता याला?"

त्या प्रश्नाने माझं डोकं फिरलं. तीन वर्षं झाली होती त्यांच्या एका महिन्याला. मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही याला नेताय का परत? मग तुम्हीच ठरवा काय घालायचं ते." ते आत गेले. पण रात्री झाडताना मी पाहिलं तर पाण्याचं भांडं खरंच पुन्हा रिकामं होतं, आणि सोफ्यामागे त्याने पहिल्यांदाच घरात घाण केली होती. हात केसांत घातला तेव्हा कळलं. तो सगळा फुगारा केसांचा होता. आत बरगड्या लागत होत्या. एवढ्या केसांचा कुत्रा वाळत चाललाय हे डोळ्यांना दिसतच नाही, हातालाच कळतं, आणि सणाच्या गडबडीत माझं विंचरणं राहून गेलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी रजा टाकली आणि त्याला डॉक्टरांकडे नेलं. सासूबाई म्हणाल्या, मी पण येणार. रिक्षात तो त्यांच्या मांडीवर होता. डॉक्टरांनी रक्त काढलं, आणि रिपोर्ट आल्यावर आम्हाला समोर बसवून सांगितलं की मूत्रपिंडं थकलीत. बरी होतील असं नाही, पण जपलं तर दिवस चांगले जातील.

"खायला काय देता?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "आम्ही खातो तेच. आणि सुकं."

"खारवलेलं?"

"मग? गोड सुकं असतं होय?"

डॉक्टर हसले नाहीत. "सुक्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, आजी. वय पण झालंय त्याचं. पण आता मीठ पूर्ण बंद. मासळी बंद. मऊ भात, दुधी किंवा भोपळा, अंड्याचा पांढरा भाग, थोडी उकडलेली कोंबडी. सगळं अळणी. आणि खाल्लं पाहिजे. खाणं सोडलं तर मग माझ्या हातात काही नाही."

घरी आल्यावर सासूबाईंनी मागच्या दारी जाऊन ते तीन चिरे एकेक करून उचलले आणि कुंपणाच्या गडग्याकडे नेऊन टाकले. त्या वयात चिरे उचलायचे नसतात. मी धावले तर मला हातानेच लांब केलं.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. सकाळी कारखान्यात जायच्या आधी त्याचं वेगळं भांडं, वेगळा भात, वेगळा भोपळा. औषधाच्या वेळा फ्रिजवर. पाण्याची दोन भांडी. सगळं नीट होतं. फक्त तो खात नव्हता.

वाडगा पुढे ठेवला की तो वास घ्यायचा, माझ्याकडे बघायचा आणि उठून जायचा. कोमट करून दिलं. थोडं तूप घातलं. हाताने भरवलं तर दात मिटून घेतले आणि मान वळवली. हट्टी मुलाला दोन धपाटे देता येतात, याला काय देणार? डॉक्टरांनी सांगितलेला पिशवीतला खास खुराक कोल्हापूरहून मागवला. तो त्याने नाकाने ढकलून जाजमाखाली घातला. नवरा व्हिडिओ कॉलवर आला की माझ्या आधी विचारायचा, "पॉम जेवला?" मी म्हणायचे, "मी जेवले. थँक्यू."

मी थकले होते. कारखान्यात वर्षअखेरची मालाची मोजणी नसतानाही तशी वाटणारी कामं, घरी आल्यावर दोन पथ्यं. हो, दोन. कारण सासूबाईंना त्याच्याही आधीपासून मीठ कमी करायला सांगितलेलं आहे. रक्तदाब, पायाला सूज, एकदा न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या होत्या. तेव्हापासून मी सांगतेय. मी भाजीत मीठ कमी घातलं की त्या वरून घेतात. मी मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवला तर त्या शेजारून वाटीभर मीठ मागून आणतात आणि शेजारीण मला फाटकात विचारते, मीठ संपलं का हो तुमचं? वाद घालून झाला, नवऱ्याकडून सांगून झालं, माणसांच्या डॉक्टरांनी ओरडून झालं. "अळणी खाऊन जगायचं तर जगायचं कशाला? मेल्यावर आहेच की," हे त्यांचं एकच उत्तर. मी नाद सोडला होता.

पॉमने खाणं सोडल्याला बरेच दिवस झाले होते. पाणी आणि औषधाबरोबर गेलेला एखादा घास, एवढंच. मागच्या पायऱ्या चढताना तो मध्येच थांबायला लागला. भुंकणं थांबलं. गॅसवाला थेट दारापर्यंत आला आणि सासूबाईंना कळलंच नाही. त्या दचकल्या.

त्या संध्याकाळी त्या नेहमीसारख्या पायरीवर ताट घेऊन बसल्या. बांगड्याची आमटी, भात. तो शेजारी. मी त्याचा वाडगा आणून त्याच्यापुढे ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले, कारण उभं राहायचं त्राण नव्हतं. त्याने वाडग्याकडे बघितलंही नाही. सासूबाईंच्या ताटाकडेही नाही. तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्यांचा हात वर गेला की त्याची मान वर, खाली आला की खाली.

"त्याला माझ्या ताटातलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

"तुमच्या ताटात मीठ आहे."

"माहीत आहे."

"मासळी पण आहे."

"माहीत आहे गो बाई, आंधळी नाय झाले अजून."

आत फ्रिजचा घरघराट चालला होता. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला, बोटं ताटाच्या कडेला पुसली आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"मग माझ्या ताटातलं काढ."

"म्हणजे?"

"मीठ. मासळी. त्याला जे रांधलंयस ना, ते वाढ मला. तेच, त्याच भांड्यातलं. बघू तरी काय विष घालतेयस तू त्याला."

मी उठले. दुसऱ्या ताटात मऊ भात, भोपळा, अंड्याचा पांढरा भाग वाढला. त्यांनी घास केला आणि तोंडात घातला. मी त्यांच्याकडे बघत होते, तो बघत होता. त्यांचं तोंड वाकडं होणार हे मला दिसलं, ओठांच्या कडेला सुरू झालं होतं. त्याने कान मागे घेतले. त्यांनी ते पाहिलं. तोंड सरळ केलं, चावलं, गिळलं. "छान आहे हां," त्या त्याला म्हणाल्या, गोड आवाजात, जन्मात मला कधी म्हणाल्या नव्हत्या तशा. "खा मेल्या. माझ्या सुनेने केलंय."

दुसरा घास त्यांनी हातावर त्याच्यापुढे धरला. त्याने वास घेतला. खूप वेळ घेतला. मग जिभेने उचलला.

सगळं नाही खाल्लं त्या दिवशी. चार-पाच घास. पण त्यांना एक, त्याला एक असं चाललं होतं, आणि त्यांचा थांबला की त्याचा थांबायचा. म्हणून त्या पोट भरलं तरी खात राहिल्या.

सासूबाई एका दिवसात सुधारल्या असं मी म्हणणार नाही. लगेचच त्यांनी एक युक्ती केली. दुपारी मी नसताना आपण आधी सुकटीची चटणी खाऊन घ्यायची आणि संध्याकाळी पथ्याचं ताट घेऊन त्याच्यापुढे बसायचं. पण त्या संध्याकाळी त्याने त्यांच्या बोटांचा वास घेतला, मग तोंडाचा, आणि वाडग्याकडे पाठ करून बसला. हात साबणाने धुतले, तरी नाही. या कुत्र्यांना फसवता येत नाही. त्यांचं सगळं लक्ष एकाच माणसावर असतं, आणि त्या माणसाचं काय चाललंय ते त्यांना आपल्याआधी कळतं. त्या आपणच म्हणाल्या, "पोलीस आणून ठेवलाय घरात." डब्यातली उरलेली सुकट त्यांनी मासेवालीला परत दिली.

"काकी, जावयाला नको?"

"जावई आजारी आहे. आणि तू काय गो, पाटी घेऊन फाटकात उभी राहू नको काही दिवस. त्याचा जीव जातो."

मासेवाली आता पलीकडच्या गल्लीने जाते.

परवा पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, सुधारणा नाही, पण फार घसरलंही नाही. हेच चालू ठेवा. मी ते चालू ठेवते. सकाळी एकच मोठं भांडं, त्यात दोघांचं. रविवारी, त्याचा आतला थर पुन्हा गळायला लागल्यावर, मी त्याला विंचरायला घेतलं, तर कंगव्याखाली अंग आणखी हलकं लागलं. सासूबाईंना मी ते सांगितलं नाही. त्यांच्या पायांची सूज उतरलीय का, तेही मी विचारत नाही. विचारलं तर त्यांना वाटेल मी जिंकले, आणि मग त्या उठून मिठाचा डबा शोधतील.

काल संध्याकाळी तो अर्ध्यातच थांबला. वाडग्यात भात तसाच होता. सासूबाईंनी आपला पुढचा घास केला, त्याला दाखवला आणि सावकाश खाल्ला. मग आणखी एक, त्याहून सावकाश. त्यांच्या ताटात जेमतेम दोन घास उरले होते आणि त्या ते दाणा दाणा करून पुरवत होत्या, डोळे त्याच्यावर. मला भांडी घासायची होती. मी दारात टेकून उभी राहिले आणि मग आत जाऊन भांड्यातला उरलेला भात आणला, आणि न विचारता त्यांच्या ताटात वाढला.